भोपळ्यातली म्हातारी इराणात कशी पोचली?

कर्वेनगरची आजी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारते आहे. नुसता विचारला तर मला नेमकं काय बोचतंय ते कळणार नाही.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे वीज गेली. पाऊस धो धो, वर गडगडाट. नात साडेतीन वर्षांची आहे, आभाळ वाजलं की माझ्या कुशीत शिरते. तिला म्हटलं, घाबरू नकोस, वर म्हातारी हरभरे भरडतेय. माझी आई मला हेच सांगायची. मग एका म्हातारीवरून दुसरी म्हातारी आठवली आणि भोपळ्याची गोष्ट सुरू झाली. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत आडवा आलेला वाघ, मग कोल्हा. "लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा." परतताना म्हातारी भोपळ्यात आणि भोपळा टुणूक टुणूक वाटेला लागलेला. मी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून भोपळा गडगडताना दाखवते, त्याशिवाय नातीला चालत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर शिराझहून शिकायला आलेली एक इराणी मुलगी भाड्याने राहते. ती मेणबत्ती मागायला आली होती आणि दारातच उभी होती. तिला मराठी येत नाही, हिंदी तोडकंमोडकं. माझ्या फिरणाऱ्या मुठी बघितल्या आणि ती एकदम "कदू! कदू!" म्हणत आत आली. खाली फरशीवर मांडी घालून बसली आणि मेणबत्तीच्या उजेडात तिची गोष्ट सांगू लागली. म्हातारी लेकीकडे निघालेली. वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह. तूप-रोटीच्या जागी पुलाव. आणि परतीला भोपळा! त्यांच्याकडे त्याचं नाव "कदू गेलगेलेझन". तो शब्द ऐकतानाच काहीतरी उतारावरून गडगडत येतंय असं वाटतं. तिच्याही मुठी माझ्यासारख्याच फिरत होत्या. तिला ही गोष्ट तिच्या आजीने सांगितली होती. सांगून झाल्यावर बराच वेळ ती गप्प होती.

मी २७ वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. 'आदिबंध', म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात मुळातच असलेला साचा, हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेन त्याला गणती नाही. मानसशास्त्रज्ञ युंग, त्याची सामूहिक नेणीव (सगळ्या माणसांच्या मनाचा सामाईक, नकळता तळ), आदिम प्रतिमा, सगळं मुलांकडून लिहून घेतलं, त्याला गुण दिले. पण तो प्रश्न खऱ्या अर्थाने माझ्यासमोर आला तो त्या अंधारात. ही म्हातारी आपण जन्मालाच डोक्यात घेऊन येतो का? की कुणीतरी ती तिकडून इकडे, किंवा इकडून तिकडे नेली? आणि नेली असेल, तर सातारा जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकलेल्या माझ्या आईची ती इतकी स्वतःची कशी झाली?

जाणकारांनी सांगावं. पाठ्यपुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे, ते नको.

टेकडीवाला

आजी, यात नेणीव वगैरे आणायची गरज मला दिसत नाही. ही गोष्ट प्रवास करत आली आहे, आणि त्याच्या खुणा तिच्या अंगावर आहेत.

लोककथांची वर्गवारी करणारी एक आंतरराष्ट्रीय सूची आहे. फिनलंडच्या आंटी आर्नेने १९१० साली ती सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्सनने वाढवली आणि २००४ साली जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथरने पुन्हा नीट लावली. त्यात तुमच्या म्हातारीला नंबर आहे: १२२ एफ. शीर्षकाचा अर्थ "मी जाड होईपर्यंत थांब". बंगालीत कुबडी म्हातारी नातीकडे जाते, वाटेत कोल्हा, वाघ आणि अस्वल भेटतात, आणि ती परत येते ती 'लाऊ'च्या, म्हणजे दुध्याच्या कवटीत बसून. पोर्तुगालमध्येही आहे: लग्नाला निघालेली म्हातारी, लांडगा, परतीला भोपळा.

आता विचार करा. नुसती "शहाणी म्हातारी" दहा ठिकाणी आपोआप सुचेल, मान्य. पण जायचं लेकी-नातीकडे, सबब जाड होण्याची आणि परतीचं वाहन भोपळा, ही साखळी चार भाषांत वेगवेगळी सुचली असं मी मानणार नाही. पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात होते आणि १५१५ ते १६२२ होर्मुझला, म्हणजे इराणच्या दारात. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात फारसी होती. आपला अर्ज, दरवाजा, शिफारस सगळे तिकडचे. त्या वाटेने गोष्ट आली-गेली नसेल तर नवल. दिशा कुठली याच्यावर मी पैज लावणार नाही, पण वाट होती.

युंगबद्दल एक सांगतो. सामूहिक नेणिवेसाठी तो ज्या रुग्णाचा दाखला पुन्हा पुन्हा देई, तो झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयातला होता. त्याला सूर्याला लोंबणारं लिंग दिसायचं, ते हललं की वारा सुटतो असं तो म्हणे. पुढे युंगला मिथ्र देवाच्या एका प्राचीन ग्रीक विधीत सूर्यबिंबापासून लोंबणाऱ्या, वारा सोडणाऱ्या नळीचं वर्णन सापडलं. तो म्हणाला, हे त्या रुग्णाला वाचून कळणं शक्यच नव्हतं. पण युंगच्या हातातली १९१०ची आवृत्ती दुसरी होती, पहिली १९०३ सालीच छापली गेली होती. मुख्य साक्षीदारच असा असेल तर खटला कसा उभा राहणार?

पुण्यातच राहून इतिहासकार दा. ध. कोसंबींनी दुसरी पद्धत दाखवून दिली. पायी फिरायचं. देवीचा दगड कुठे आहे, तिथून जुनी वाट जाते का, आसपास सूक्ष्मास्त्रं, म्हणजे गारगोटीची बारीक पाती सापडतात का, ते बघायचं. मग लक्षात येतं की कित्येक मातृदेवता जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बसल्या आहेत. देवीचं मूळ त्यांनी मनाच्या तळाशी शोधलं नाही, माणसांच्या चालण्यात शोधलं. गोष्टींचंही तसंच शोधावं.

समुपदेशक_सदाशिव

टेकडीवाले सर, तुमच्या वाटा मला मान्य आहेत. पण तुम्ही अर्ध्या प्रश्नाचं उत्तर दिलंत. इराणातून, पोर्तुगालातून शेकडो गोष्टी आल्या असतील. त्यातल्या बहुतेक कुणाच्या लक्षातही नाहीत, आणि ही मात्र साताऱ्याच्या एका बाईच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आजींचं बोचणं तिथे आहे असं मला वाटतं.

मी मुलांचं समुपदेशन करते. युंगचा आंधळा पुरस्कार मी करत नाही, पण त्याच्यावर एक अन्याय नेहमी होतो. तो आधी 'आदिम प्रतिमा' म्हणायचा, १९१९ पासून 'आर्किटाइप', म्हणजे आपला आदिबंध, म्हणू लागला, आणि पुढे वारंवार बजावत राहिला की चित्र वारशाने येत नाही, चित्र घडण्याची ठेवण येते. त्यासाठी तो स्फटिकाचा दृष्टांत देई. मी पालकांना खडीसाखरेचा देते. गरम पाकात दोरा सोडून ठेवला की त्यावर खडे धरतात. पाकात बघितलं तर खडा कुठेच नसतो. खडा लहान होईल की मोठा, हे पाक आणि दोरा ठरवतात. पण त्याच्या कडांमधले कोन साखरेनेच ठरवलेले असतात, कर्वेनगरात करा नाहीतर शिराझमध्ये.

ही ठेवण म्हणजे काही गूढ नाही. सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. त्यांना दुसरं माकड सापाला घाबरतानाची चित्रफीत दाखवली, आणि ती भिऊ लागली. मग चित्रफितीत अशी जोडाजोड केली की तेच माकड फुलाला घाबरतंय असं दिसावं. ती पाहून कुठलंही माकड फुलाला भ्यायला शिकलं नाही. हे १९८९ साली छापून आलं. म्हणजे सापाची भीती जन्मतः नव्हती, पण ती शिकायची तयारी होती, आणि फुलाच्या बाबतीत तीही नव्हती. मला तर 'आदिबंध' शब्दाचा सगळ्यात स्वच्छ अर्थ इथे सापडतो.

दुसरं उदाहरण आपल्या रस्त्यावरचं. नवजात बाळासमोर दोन ठिपके वर आणि एक खाली अशी आकृती हलवली तर ते नजरेने तिचा पाठलाग करतं. तेच ठिपके विस्कटून दाखवले तर तितकं करत नाही. जन्मून काही मिनिटं झालेल्या बाळांवरही हे करून पाहिलंय. आता तांदळा आठवा. नाक नाही, हात नाहीत, बिनघडणीचा शेंदूर माखलेला दगड. त्यावर चांदीचे दोन डोळे चिकटवले की आपण चपला काढून उभे राहतो. डोळे बसवण्याआधी तो दगड असतो. मी लहानपणी आईबरोबर जायचे त्या देवळात एकदा सणाला डोळे काढून उजळायला नेले होते. त्या दिवशी गाभाऱ्यात बघवेना. आई म्हणाली, देवी आज बघत नाहीये, उद्या येऊ.

आणि आता म्हातारी. बहुतेक सस्तन माद्या जननक्षमता संपल्यावर फार जगत नाहीत. चिंपांझींमध्येही तसं क्वचित. बाईमाणूस मात्र त्यानंतर कित्येक वर्षं जगते, कामाची असते. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकार-संकलन करणाऱ्या लोकांत पाहिलं की म्हाताऱ्या बायका दिवसभर कंद उकरतात. घरात नवं तान्हं आलं की आईचा वेळ त्याच्यात जातो, आणि आधीच्या पोरांना जगवतात ते आजीने आणलेले कंद. माणसाचं आयुष्य इतकं लांबलं त्यालाच आजी कारण असावी, असं त्यांचं म्हणणं आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही, मला पटतं.

मेंदूत म्हातारीचं चित्र कोरलेलं असायची गरजच नाही. हजारो पिढ्यांत प्रत्येक पोराच्या भोवती एक म्हातारी होती. ती भरवायची, गोष्टी सांगायची, आणि एक दिवस दूर जायची. परत येईल की नाही हे पोराला कळायचं नाही. ती परत येते, ही गोष्ट कुठूनही आली तरी पोर ती धरून ठेवणारच.

कर्वेनगरची आजी

ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला आणि उठून पाणी प्यायले. माझी आजी पंढरीला निघाली की मी पायरीवर बसून राहायचे.

पण माझं समाधान अजून पुरतं झालेलं नाही. म्हातारी का, हे कळलं. ती परत का यावी लागते, हेही कळलं. पण भोपळाच का? टोपली नाही, बैलगाडी नाही, कुणाच्या पंखावर बसून नाही. इराणी मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते म्हातारीपाशी नाही, भोपळ्यापाशी. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून मिटली आणि म्हणाली, "अंदर, अंदर." त्या "अंदर"चं काय करायचं?

घोडकाठ

आजी, मी शिरूरचा. गेली चाळीस वर्षं पुण्यात. "अंदर" वाचलं आणि लिहायला बसलो.

घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं आणि त्याहून जुनं शेतकऱ्यांचं गाव. मी विद्यार्थी असताना एका हंगामात तिथे खड्ड्यात होतो. बहुतेक वेळ ब्रश, डस्टपॅन आणि ऊन. एका घराच्या जमिनीखाली दोन मोठे रांजणवजा घट आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले निघाले. वरचं खापर उचललं तेव्हा आत माती भरलेली होती. ती मी बोटांनी काढत होतो. एक बरगडी लागली, काडेपेटीतल्या काडीहून थोडी मोठी. मग कवटीचे तुकडे, अंड्याच्या कवचासारखे पातळ. तान्हं मूल होतं. त्या लोकांत ही रीतच होती. मोठी माणसं साध्या खड्ड्यात, पावलं तोडून पुरलेली. लहान मुलं मात्र दोन घटांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली. वर चूल पेटत असणार, वर कुणी झोपत असणार.

मी एकवीस वर्षांचा होतो. आमच्याबरोबर गावातल्या बायका पाट्या वाहायला होत्या. त्यांतली एक खड्ड्याच्या काठाशी थांबली, आत बघितलं आणि सहज म्हणाली, "पोटात परत ठेवलंया." तिने युंग वाचलेला नव्हता आणि मीही नव्हता. त्या घटांचा अर्थ तीन हजार वर्षांपूर्वी तोच होता असं मी कुठल्याही अहवालात लिहिणार नाही, लिहूही नये. पण ती बाई आणि तो घट यांच्यामध्ये काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. घट पाहिला आणि तिला पोट दिसलं.

त्याच गावात एका घरात जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली होती. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, वर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की ती बैलावर बसते. तीही आत, मिटलेली, पुरलेली. युंगच्या परंपरेतल्या एरिक नॉयमानने स्त्री, देह आणि भांडं असं समीकरणच मांडलं होतं. मला समीकरणांची भीती वाटते, कारण एकदा ते मिळालं की प्रत्येक मडक्यात आई दिसू लागते आणि खापराची जाडी मोजायची राहून जाते. तरीही आमच्या घरी नवरात्रात घट बसतो, त्याच्याभोवतीच्या मातीत नऊ दिवसांत धान्य वर येतं, आणि दहाव्या दिवशी आई ते तुरे कानावर खोचते. तेव्हा घट म्हणजे देवीच, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

आता भोपळा. इथे टेकडीवाल्यांच्या बाजूने एक साधी गोष्ट. पुस्तकांत म्हातारी लाल भोपळ्यात बसलेली असते. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, कोलंबसानंतरच इकडे आला. गोष्ट त्याहून जुनी असेल तर तिच्यातला भोपळा दुध्याच्या जातीचा, कडू, कवच वाळून टणक होणारा. बंगाली म्हातारी अजून त्यातच बसते, हे सरांनी वर लिहिलंच आहे. तो वेल मूळचा आफ्रिकेचा आणि फार जुन्या काळापासून माणसाबरोबर आहे. मडकं भाजायला शिकण्याआधीही भोपळा हे तयार भांडं होतं. पाणी त्यात, बी-बियाणं त्यात. आमच्याकडे पोरं पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची, मीही तसाच शिकलो. बुडू न देणारं, हलकं, पोकळ, आतून अंधारं. वाळलेला भोपळा हलवून बघा, आत बिया खुळखुळतात. बाहेरून मेलेला, आत जिवंत काहीतरी. जिथे हा वेल पोचला तिथल्या आईला आणि पोराला "आत बसून सुखरूप जाणं" दाखवायला दुसरी वस्तू शोधावी लागली नाही. बैलगाडीत म्हातारी दिसते, वाघ तिला खाईल. टोपलीचंही तेच.

म्हणून मला विचाराल तर चित्र डोक्यातून आलं नाही आणि ते नुसतं वाटेनेही आलं नाही. त्याचा अर्धा भाग वेलावर लागला होता.

टेकडीवाला

लाल भोपळ्याचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. घोडकाठ, त्या बाईंचं वाक्य तुम्ही कुठे छापलंत का? नसेल तर छापा. वर मी जे ठासून लिहिलं त्यातली वाट मी सोडत नाही, पण वाटेवर चालणाऱ्याच्या खांद्यावर काय होतं हे मी विचारायला हवं होतं.

समुपदेशक_सदाशिव

बाहुलीघरातल्या खेळात मुलं हे रोज करतात. आई-बाबांचं भांडण चालू असलेल्या घरातलं एक मूल आलं होतं. त्याने माझ्या टेबलावरच्या पेन्सिलींच्या डब्यातून सगळ्या पेन्सिली काढल्या, बाहुली आत ठेवली आणि झाकण लावलं. मग झाकणावर हात ठेवून पाच मिनिटं बसून राहिलं. आधी त्याने कुठली गोष्ट ऐकली होती, मी विचारलं नाही.

कर्वेनगरची आजी

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये एक गोष्ट झाली आणि ती नीट लिहायची होती.

घोडकाठ, तुमचा भोपळा वाचला आणि माझं लक्ष आमच्या तानपुऱ्याकडे गेलं. यजमानांचा आहे, मिरजेहून आणलेला. ते गेल्यापासून गवसणीतच होता. गवसणी काढली. खाली भोपळाच की! इतकी वर्षं रोज समोर होता आणि मी त्याला तानपुरा म्हणत होते.

रविवारी इराणी मुलगी खाली आली होती. या वेळी तिने गोष्ट फारसीत सांगितली, नात तिच्या मांडीवर. नातीला एक शब्द कळत नव्हता, पण मुठी फिरायला लागल्या की ही "गेलगेले गेलगेले" म्हणून उड्या मारत होती. मग मी तानपुरा आडवा केला आणि म्हटलं, हा बघ खरा भोपळा, कान लाव. तिने कान लावला. इराणी मुलीनेही वाकून दुसऱ्या बाजूने लावला. नातीने डोळे मिटून विचारलं, "आजी, आत म्हातारी आहे?"

मी काही बोलले नाही. खर्जाची तार उतरलेली होती, ती तशीच छेडली. भोपळ्यात खोल घुमलं.

नात कान न काढता कुजबुजली, "आहे. हरभरे भरडतेय."